वाईट तर वाटतंच, पण…

बर्‍याच दिवसांनी इथे लिहितेय. मध्ये दोघातिघांनी "ब्लॉग बंद केलास का?" म्हणून विचारलं, सांगलीच्या मावशीने तर थेट फोनच केला. बंद नाही केला. एक गोष्ट महिनाभर डोक्यात घोळत होती आणि ती लिहावी की न लिहावी हेच ठरत नव्हतं. आधीच सांगून ठेवते, हलकंफुलकं काही वाचायला आला असाल तर मागचा पुरणपोळीच्या फजितीचा लेख वाचा. हा तसा नाही.

तर झालं असं. लेक दहावीत आहे. इथे न्यू जर्सीत १९९४ पासून शाळांमधून होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे दर वर्षी या ना त्या रूपात हा विषय घरी येतोच. पण यंदाच्या इतिहासाच्या बाईंची रीत वेगळी. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या वर्गात कुणी ज्यू निर्वासित व्हायचं नाही आणि कुणी नाझीही व्हायचं नाही. ते दुःख आपण अर्ध्या तासात नाटक करून समजून घेऊ शकत नाही, आणि तसा आव आणणं चूक आहे. तुम्ही फक्त ते लोक व्हायचं जे लांब, सुरक्षित बसले होते आणि ज्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं." मला हे फार पटलं. असल्या विषयावर मुलांना नाटकं करायला लावू नका, असं वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियमही शिक्षकांना सांगतं.

प्रत्येकाला एकेक कार्ड मिळालं. कुणी ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी, कुणी लंडनमधली गृहिणी, कुणी स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा पोलीस. आमच्या कन्यारत्नाच्या कार्डावर होतं: डिसेंबर १९३८. तू अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकतेस, वय वीस. तुला विचारलंय की मध्य युरोपातल्या ज्यू निर्वासितांना आपल्या देशात आसरा द्यावा का? हो किंवा नाही. कारणं लिही. १९३८ नंतरचं काहीही वापरायचं नाही.

मी म्हटलं, सोपं आहे की. 'हो' लिही आणि जेवायला ये.

रात्री साडेदहाला वही घेऊन ती खाली आली. म्हणाली, "आई, मी प्रामाणिकपणे लिहायचा प्रयत्न केला तर माझं उत्तर 'नाही' येतंय."

खरं सांगते, मला धक्का बसला. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि पुढचे काही दिवस माझंच शिक्षण सुरू झालं.

पहिली समजूत गळून पडली ती ही की "तेव्हा लोकांना माहीतच नव्हतं." डिसेंबर १९३८ मध्ये गॅस चेंबर्स नव्हते, हे खरं. पण नोव्हेंबरच्या ९ आणि १० तारखेला जर्मनीभर आणि ऑस्ट्रियाभर सिनेगॉग जाळली होती, ज्यूंची दुकानं फोडली होती, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना उचलून छळछावण्यांत टाकलं होतं. फुटलेल्या काचांच्या खचावरून त्या रात्रीला 'क्रिस्टलनाख्ट' नाव पडलं. हे सगळं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर, दिवसेंदिवस छापून येत होतं. म्हणजे कार्डावरच्या त्या वीस वर्षांच्या मुलीने ते न्याहारी करता करता वाचलं असणार.

आणि वाचून तिला वाईट वाटलं असणार! हेच तर मला आधी ठाऊक नव्हतं. त्याच नोव्हेंबरात गॅलपने अमेरिकन लोकांना विचारलं, नाझी ज्यूंना जी वागणूक देताहेत ती तुम्हाला मान्य आहे का? शंभरातले ९४ जण म्हणाले, मान्य नाही. मग विचारलं, जर्मनीतून हद्दपार झालेल्या ज्यूंना आपल्याकडे अधिक संख्येने येऊ द्यावं का? शंभरातले ७० हून जास्त म्हणाले, नाही.

हे दोन आकडे मी फ्रीजवर चिकटवून ठेवलेत. पाहुणे विचारतात हा कसला हिशोब.

विद्यार्थ्यांचंही काही वेगळं नव्हतं. कॉलेजातल्या मुलांची मतं अजमावणारी एक पाहणी तेव्हा देशभर व्हायची. लेकीच्या कार्डावरचा प्रश्न बाईंनी तिथूनच घेतला होता. डिसेंबर १९३८ चा तिचा निकाल: ६८.८ टक्के 'नाही'. तरुण रक्त, मोकळं मन वगैरे आपण म्हणतो ना, त्याचा हा हिशोब.

लेकीने लिहिलेली कारणं वाचली तर एकही कारण दुष्टपणाचं नव्हतं. मंदीला नऊ वर्षं होत आली, लाखो अमेरिकन बेकार आहेत, आधी त्यांचं बघायला हवं. आज दहा हजार घेतले तर उद्या पोलंड आणि रुमेनियाही आपापले ज्यू बाहेर काढतील. आलेल्यांत हेर नसतील कशावरून? आणि शेवटचं, अगदी गोड कारण: आपण निषेध करूया, वर्गणी गोळा करूया, पण त्यांना राहायला दुसरी कुठली तरी चांगली जागा शोधूया.

ही 'दुसरी कुठली तरी जागा' शोधायला त्याच वर्षी एक आख्खी परिषद भरली होती. ६ ते १५ जुलै १९३८, फ्रान्समधलं एव्हियां, जिनिव्हाच्या सरोवराकाठचं थंड हवेचं, उंची हॉटेलांचं गाव. बोलावणं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं. बत्तीस देशांचे प्रतिनिधी आले. बोलावण्यातच ग्वाही दिलेली होती की कुणालाही आपले सध्याचे कायदे बदलायला सांगितलं जाणार नाही. म्हणजे पंगतीचं आमंत्रण, पण कुणी वाढायला उठायचं नाही!

एकामागून एक प्रतिनिधी उभे राहिले, सगळ्यांनी सहानुभूती व्यक्त केली आणि सगळ्यांनी हात वर केले. फ्रान्स म्हणाला आमच्याकडे आता जागाच उरली नाही. ब्रिटनने पॅलेस्टाइनचा विषयच नको म्हणून आधीच बजावलं होतं. मध्य अमेरिकेतल्या काही देशांनी मिळून सांगितलं की व्यापारी आणि बुद्धिजीवी आम्हाला नकोत. आणि ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी टी. डब्ल्यू. व्हाइट म्हणाले की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो बाहेरून आणायची आमची इच्छाही नाही. (तिथल्या मूळ रहिवाशांनी हे ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं, असं लेकीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं म्हणे. हुशार पोरगा.)

एकच देश म्हणाला, आम्ही एक लाख माणसं घेतो. डॉमिनिकन रिपब्लिक. पण तिथला हुकूमशहा त्रुहियो याने जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, सीमेवरच्या हजारो हैतीयन लोकांची कत्तल करवली होती. जगात गेलेली पत त्याला सावरायची होती आणि आपल्या देशात गोरी माणसंही वाढवायची होती. प्रत्यक्षात सोसुआ नावाच्या गावात काहीशे ज्यू वसले, दुधाचा धंदा करू लागले. त्या काहीशे माणसांचे जीव वाचले ते एका खुन्याच्या औदार्याने. यातून मुलांना काय शिकवायचं हे मला अजून उमगलेलं नाही, आणि बाईंनीही तो प्रश्न तसाच सोडून दिला ते बरं केलं.

परिषदेत प्रेक्षक म्हणून बसलेल्या, बोलायची परवानगी नसलेल्या एक बाई होत्या. पुढे त्या इस्राएलच्या पंतप्रधान झाल्या: गोल्डा मायर. त्या नऊ-दहा दिवसांतून निघालं काय, तर आणखी एक समिती.

आता जरा कागदपत्रांबद्दल. हा भाग इथल्या आपल्या मंडळींना चटकन कळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेत १९२४ च्या कायद्याने देशवार कोटा ठरलेला होता. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७०. (आपला विचाराल तर आशियातल्या लोकांना दारच बंद होतं. हिंदुस्थानला कोटा मिळाला १९४६ साली, वर्षाला शंभर माणसांचा!) 'निर्वासित' म्हणून वेगळी रांगच नव्हती. जीव वाचवायला येणारा आणि नशीब काढायला येणारा, दोघे एकाच रांगेत. बरं, १९३३ पासून पहिली पाच वर्षं हा कोटासुद्धा पूर्ण भरला नाही. कारण अर्जदार 'सरकारवर भार' होणार नाही याची खात्री पटल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही, अशी सक्त सूचना मंदीमुळे होती, आणि खात्री पटवून घेणं न घेणं वकिलातीतल्या साहेबाच्या मर्जीवर. क्रिस्टलनाख्टनंतर मात्र एकच झुंबड उडाली. १९३९ च्या मध्याला रांगेत तीन लाखांहून जास्त माणसं होती. भागाकार करून बघा. शेवटच्या माणसाचा नंबर अकरा वर्षांनी.

आणि कागद किती! अमेरिकेतल्या हमीदाराचं प्रतिज्ञापत्र, त्याची मिळकत, त्याचे कर भरल्याचे पुरावे. जन्माचे दाखले. आणि पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला. कुठले पोलीस? जर्मनीचे! ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याचकडून 'हा माणूस सज्जन आहे' असं लिहून आणायचं. त्यात जहाजाचं तिकीट, देश सोडायची परवानगी. प्रत्येक कागदाची मुदत वेगळी. एक हाती येईपर्यंत दुसर्‍याची मुदत संपलेली.

माझ्या कपाटात एक निळी फाइल आहे. त्यात सासूबाईंसाठी भरलेलं हमीपत्र आहे, तीन वर्षांचे कराचे कागद आहेत. 'सरकारवर भार' हे शब्दही त्याच अर्थाने अजून इथल्या कायद्यात आहेत. आपली ग्रीन कार्डाची रांग आणि ती रांग यांची तुलना करायचा आचरटपणा मी करणार नाही. आपल्या रांगेत उभं राहून माणूस वैतागतो, त्या रांगेत माणसं मेली. पण कागद ओळखीचे निघाले, आणि त्यामुळे मला ते जरा जास्तच लागले.

अ‍ॅन फ्रँकची डायरी बहुतेकांनी वाचली असेल, मराठीतही आहे. तिचे वडील ऑटो फ्रँक याच रांगेत होते हे मात्र मला माहीत नव्हतं. ते जर्मनीतून आधीच हॉलंडला आलेले. अमेरिकेच्या व्हिसासाठी त्यांनी रॉटरडॅमच्या वकिलातीत १९३८ मध्येच अर्ज केला होता. मे १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात तिथले कागद जळाले. एप्रिल १९४१ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या जुन्या कॉलेजमित्राला पत्र लिहिलं, नेथन स्ट्रॉस यांना. हे स्ट्रॉस म्हणजे मेसीज दुकानांच्या मालकांच्या घराण्यातले, शिवाय सरकारात मोठ्या हुद्द्यावर. अ‍ॅनचे दोन मामाही अमेरिकेतच होते आणि हमी द्यायला तयार होते. इतकी ओळख, इतके हमीदार, तरी जमलं नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात नियम आणखी आवळले आणि जर्मनीच्या ताब्यातल्या मुलखातल्या अमेरिकन वकिलाती बंदच झाल्या. मग त्यांनी क्यूबासाठी खटपट केली. १ डिसेंबर १९४१ ला क्यूबाचा व्हिसा मंजूर झाला, एकट्या ऑटोंचा. दहा दिवसांनी जर्मनीने अमेरिकेशी युद्ध पुकारलं आणि तोही रद्द. हा पत्रव्यवहार आमच्याच न्यू जर्सीतल्या एका गोदामात पडून होता आणि २००७ मध्ये लोकांसमोर आला.

लेकीने डायरी सातवीत वाचली होती. म्हणाली, "म्हणजे त्या माडीवरच्या खोल्या हा त्यांचा पहिला उपाय नव्हताच? बाकी सगळं करून झाल्यावरचा होता?"

मुलांची गोष्ट तर आणखी वेगळी. ब्रिटनने क्रिस्टलनाख्टनंतर काही आठवड्यांतच सतरा वर्षांखालच्या मुलांना कोट्याशिवाय, व्हिसाच्या रखडपट्टीशिवाय येऊ द्यायचं ठरवलं. २ डिसेंबर १९३८ ला पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं आली. प्राग शहरातून ६६९ मुलांना काढण्याच्या कामात पुढे असलेले निकोलस विन्टन तेव्हा तिशीही न गाठलेले शेअर दलाल होते. ऐकायला छान वाटतं. पण आईवडिलांना येऊ दिलं नाही. त्या आयांनी फलाटावर उभं राहून मुलांच्या गळ्यात नंबराच्या पाट्या अडकवल्या आणि हात हलवला. त्यातल्या बहुतेक मुलांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. म्हणजे 'हो' म्हणणार्‍यांनीही किती हो म्हणायचं याचं माप ठरवलेलं होतंच.

अमेरिकेत फेब्रुवारी १९३९ मध्ये सिनेटर वॅग्नर आणि काँग्रेसच्या सदस्य एडिथ रॉजर्स यांनी असंच विधेयक आणलं. दोन वर्षांत वीस हजार मुलं, कोट्याबाहेर. सांभाळायला घरं पुढे येत होती. विरोधक म्हणाले, आपलीच मुलं उपाशी आहेत. कुणी म्हणालं, मुलांना आईबापांपासून तोडणं पाप आहे. (तोडत होतं कोण!) रूझवेल्ट यांचं मत विचारणारी चिठ्ठी त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी ती 'काही करू नये' अशा शेर्‍यासह फाइलला लावली. विधेयक मतदानापर्यंत पोचलंच नाही. कुणी 'नाही' म्हणालं नाही, घोंगडं भिजत पडलं आणि कुजलं.

त्याच मे महिन्यात 'सेंट लुईस' नावाचं जहाज हँबर्गहून निघालं. ९३७ प्रवासी, जवळजवळ सगळे ज्यू. क्यूबात उतरायचे परवाने त्यांच्याकडे होते आणि बहुतेकांची नावं अमेरिकेच्या रांगेतही लागलेली होती. नंबर येईपर्यंत क्यूबात थांबायचं, एवढाच बेत. ते समुद्रावर निघायच्या आधीच क्यूबाने ते परवाने रद्द ठरवले होते. हवानाच्या बंदरात जहाज आठवडाभर उभं. नातेवाईक होड्या भाड्याने घेऊन जवळ येत, खालून हाका मारत. २८ जणांना उतरू दिलं. बाकीच्यांना घेऊन कप्तान गुस्टाव श्र्योडर फ्लोरिडाच्या किनार्‍याने रेंगाळत राहिले, मायामीचे दिवे दिसत होते. अमेरिकेने उतरू दिलं नाही, कॅनडानेही नाही. ६ जून १९३९ ला जहाज युरोपकडे वळलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड यांनी ती माणसं वाटून घेतली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण वर्षभरात शेवटचे तिन्ही देश हिटलरच्या टाचेखाली आले. जहाजावरचे २५४ जण संहारात मेले.

हा २५४ आकडा आपल्याला कळला तो वॉशिंग्टनच्या म्युझियममधल्या सारा ओगिल्वी आणि स्कॉट मिलर यांच्यामुळे. दोघांनी वर्षानुवर्षं खपून एकेका प्रवाशाचं पुढे काय झालं ते हुडकून काढलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१८ मध्ये संसदेत माफी मागितली. एकोणऐंशी वर्षांनी.

आपल्याकडचं काय, असं मला मावशी विचारणारच, म्हणून थोडं. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी १९३४ मध्ये मदतसंस्था काढली होती आणि ती येणार्‍यांची हमी घ्यायची. आकाशवाणीची ती सकाळची धून बांधणारे म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते वॉल्टर कॉफमन असेच १९३४ मध्ये मुंबईत आलेले. हुसेन, रझा, आरा या चित्रकारांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले लांगहॅमर, श्लेसिंगर आणि फॉन लायडन हेही नाझींमुळे देश सोडून आलेलेच. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने 'शत्रूचे नागरिक' म्हणून जर्मन नाझींबरोबर जर्मन ज्यूंनाही धरलं आणि एकत्रच अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत टाकलं. मग चौकशी करून कित्येकांना सोडलं. माझं माहेर नगरचं. लहानपणी किल्ला, नेहरू, भारताचा शोध हे दहादा ऐकलं, हे एकदाही ऐकलं नव्हतं.

परत लेकीच्या वहीकडे येते.

तिला मी म्हटलं, ६८.८ टक्के 'नाही', मग उरलेल्यांनी काय केलं ते तरी शोध. तेव्हा एक छान गोष्ट सापडली. क्रिस्टलनाख्टनंतर काही दिवसांतच हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी एक कमिटी स्थापन केली. कायद्यात एक फट होती: कॉलेजात प्रवेश मिळालेला विद्यार्थी कोट्यात धरला जात नसे. मुलांनी विद्यापीठाला गळ घातली, तुम्ही फी माफ करा, राहण्याजेवण्याचा खर्च आम्ही जमवतो. विद्यापीठाने वीस शिष्यवृत्त्या दिल्या. बघता बघता इतर अनेक कॉलेजांत तशाच कमिट्या निघाल्या. पण फटीतही काटा होताच. विद्यार्थी व्हिसा हवा तर शिक्षण संपल्यावर परत जाता येईल हे वकिलातीला पटवून द्यावं लागे. परत कुठे?

वीस म्हणजे तीन लाखांच्या रांगेपुढे किती, असं मी सहज बोलून गेले. लेक म्हणाली, "पण आई, त्यांनी प्रश्न बदलला. पाहणीने विचारलं होतं, देशाने घ्यावं का? त्यांनी विचारलं, आपल्या कॉलेजात किती खोल्या रिकाम्या आहेत?"

तिच्या मैत्रिणीला आलेलं स्विस पोलिसाचं कार्ड पाउल ग्र्यूनिंगर यांचं निघालं. सांक्ट गालेन परगण्याचे ते पोलीसप्रमुख. ऑगस्ट १९३८ मध्ये सीमा बंद झाल्यावरही त्यांनी ऑस्ट्रियातून येणार्‍या शेकडो ज्यूंना आत घेतलं. कागदावर येण्याची तारीख मागची टाकली, बस्स. ज्या कागदांनी सगळे अडले होते त्याच कागदांना त्यांनी कामाला लावलं. १९३९ मध्ये नोकरी गेली, १९४० मध्ये शिक्षा झाली, पेन्शन बुडालं. १९७२ मध्ये हलाखीत वारले. कोर्टाने निर्दोष ठरवलं १९९५ मध्ये.

एवढं सगळं वाचूनही लेकीने उत्तर 'नाही' असंच ठेवलं. मी चिडले. म्हटलं, "अगं, इतकं सगळं कळल्यावरही?"

ती म्हणाली, "बाईंनी मला चांगली मुलगी व्हायला नाही सांगितलेलं. त्या वेळची मुलगी व्हायला सांगितलंय. शंभरातली अडुसष्ट होते. आणि कारणं मला शोधावी लागली नाहीत, आई. मला पाठ होती."

"पाठ कशी?"

"तू म्हणाली होतीस. त्या अफगाण फॅमिलीच्या वेळी."

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा हजारो अफगाण माणसांना विमानांनी इथे आणलं आणि त्यातली कितीतरी आमच्यापासून तासाभरावरच्या लष्करी तळावर राहिली. नंतर एक योजना निघाली. पाच मोठ्या माणसांनी एकत्र यायचं, माणशी २,२७५ डॉलर उभे करायचे आणि एका कुटुंबाला पहिले काही महिने घर, शाळा, डॉक्टर यात हात द्यायचा. एका मैत्रिणीने आमच्या नेहमीच्या मंडळींना ईमेल पाठवली. दिवाळीच्या फराळाला सगळे आमच्याकडेच होते, तेव्हा विषय निघाला. सगळ्यांना वाईट वाटत होतं, मनापासून. विमानाला लटकलेली माणसं सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली होती. आणि मग चिवड्याच्या बश्या हातात घेऊन आम्ही कारणं सांगितली. आपल्याच लोकांची ग्रीन कार्डं अडकलीत, आधी त्यांचं बघायला नको का. एक घेतलं की रांग लागेल. नीट चौकशी झालेली असेल कशावरून. शेवटचं वाक्य माझं होतं: आपण पैसे देऊया ना, पण त्यांना त्यांच्या लोकांत, कॅलिफोर्नियात वगैरे, जास्त बरं पडेल.

लेक तेव्हा पाचवी-सहावीत होती, जिन्यात बसून चकली खात होती.

तिच्या वहीत हीच चार कारणं आहेत. फक्त देशाचं नाव बदललंय आणि मंदी आलीय.

पैसे आम्ही दिले, दीडशे डॉलर. त्या मैत्रिणीने पाच माणसं जमवली की नाही ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. ती हा ब्लॉग वाचते.

गृहपाठ परत आला. बाईंनी मार्क दिले नव्हते, खाली लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं, "तुझ्या कॉलेजात किती खोल्या रिकाम्या होत्या?" लेक म्हणते हे वाक्य तिचंच आहे, तिने वर्गात म्हटलेलं, बाईंनी ढापलं.

मी काल रात्री ती जुनी ईमेल शोधली. मला वाटत होतं मी तिला व्यवस्थित नकार कळवला होता. पण उत्तर अजून ड्राफ्टमध्येच आहे, नोव्हेंबर २०२१ चं. "खरंच खूप वाईट वाटतंय गं, पण आत्ता" एवढं लिहिलंय, आणि पुढे काही नाही.